पाच नंबरचा पट्टा

“पट्ट्यांची भाषा बदलायची तर आधी माझा फोन मराठीत करावा लागेल,” टिपणीस साहेब म्हणाले, “आणि ते व्हायचं नाही.”

“का?”

“हे मनगटावरचे पट्टे फोनची नक्कल करतात. फोन इंग्रजी, तर पट्टा इंग्रजी. विकणाऱ्या माणसाला विचारलंय मी.”

“मग करा की फोन मराठी.”

“नाथा, कुठलं बटण कुठं आहे ते माझ्या बोटांना पाठ आहे. उद्या सगळं मराठीत झालं तर बायकोचा नंबरसुद्धा सापडायचा नाही.”

“वहिनींचं नाव तुम्ही कशात लिहिलंय?”

“इंग्रजीत.”

“ते तसंच राहतं साहेब. फोनची भाषा बदलते, बायकोची नाही.”

दारात बसलेला बारकू फिदीफिदी हसला. टिपणिसांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं आणि फोन माझ्यापुढं सरकवला. “तूच कर. आणि बिघडला तर तूच दुरुस्त करून आण.”

शनिवारची दुपार होती; त्या दिवशी डोल्या लवकर थांबल्या होत्या आणि पट्टे जमा झाले होते. जाखाईच्या डोंगराच्या पायथ्याशी देवस्थानचं कार्यालय आहे, टिपणीस तिथले व्यवस्थापक; तिथं आम्ही बसलो होतो. त्याला आता सात वर्षं झाली. पण त्या शनिवारी आणि रविवारी काय कशानंतर घडलं, हे मला आजही तासातासानं सांगता येतं.

जाखाईच्या देवळाला नऊशे चाळीस पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांना डोलीतून वर न्यायचं, हे आमचं काम. दोन लांब बांबू, मध्ये वेताची खुर्ची, पुढं दोघं, मागं दोघं. चढताना डोली मागं कलते आणि वजन मागच्या दोघांवर येतं. आमच्या डोलीला डावीकडं बारकू आणि किसन हे भाऊ होते, बारकू पुढं, किसन मागं. उजवीकडं मागं मी आणि माझ्या पुढं चिमाजी भांगरे. ते माझ्या आईचे सख्खे भाऊ. त्यांच्याच मुलीशी, वैजंताशी, माझं लग्न झालं, म्हणजे मामा आणि सासरे एकच. वय अठ्ठावन्न. सव्वीस वर्षं त्यांचा पुढचा उजवा खांदा होता.

पुढचा उजवा म्हणजे डोलीचा मालकच म्हणा. पायरी तो बोलतो. “उंच”, “ओली”, “वळण” असं तो पुढून सांगत जातो आणि बाकीचे तिघं त्याच्या शब्दावर पाय टाकतात. सकाळी तिघांच्या खांद्यांना कापडाची घडी तोच बांधतो, कारण ती सैल राहिली तर कातडं सोलतं आणि दोष त्याच्याकडं येतो. आणखी एक रीत आहे. पायथ्याच्या ओट्यावरून उचललेली डोली देवळाच्या अंगणातच भुईला लावायची. वाटेत तीन विसावे आहेत, तिथं बांबूखाली काठ्यांचे टेकू लावून उभ्यानं दम खायचा, पण डोली खाली ठेवायची नाही. वाटेत “उतरवा” म्हणायची वेळ ज्याच्यावर आली, त्याचा पुढचा खांदा गेला. त्यानं मागं लागायचं, नाहीतर घरी बसायचं. मामांनी सव्वीस वर्षांत तो शब्द तोंडातून काढला नव्हता.

आदल्या वर्षी रखमाजी गवारी डोली वाहताना दुसऱ्या विसाव्यावर कोसळला. खाली आणेपर्यंत संपला होता. म्हणून देवस्थानच्या अध्यक्षांनी शहरातून वीस पट्टे आणवले. मनगटावर बांधायचे, घड्याळासारखे, चालणं आणि काळजाचे ठोके मोजणारे. पट्ट्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं नंबर घातलेले. मामांचा पाच, माझा सहा. संध्याकाळी सगळे कार्यालयात जमा करायचे, सकाळी घ्यायचे. नियम एकच होता. पट्ट्यानं ज्याच्या काळजाचा धोका दाखवला, त्याचा खांदा, म्हणजे डोली वाहणं, त्याच दिवशी बंद.

नियम ठीक होता, पण पट्टे बोलायचे इंग्रजीत. मी सातवीपर्यंत शिकलेला. अक्षरं जुळवता यायची, पण ती पाटी चार सेकंदांत निघून जायची आणि हात तर बांबूला. पट्टा दिवसातून वीसदा थरथरायचा. बारकू म्हणायचा, अध्यक्षांचा मिस कॉल आहे. किसनला वाटायचं, तो पाणी प्यायला सांगतो, म्हणून तो थरथरला की किसन इमानदारीनं घोटभर पाणी प्यायचा. बाकी सगळे बटण दाबून गप्प करायचे. असे तीन आठवडे गेले आणि मी टिपणिसांना म्हणालो, आमच्या मनगटावर लिहिलेलं आम्हाला वाचता आलं पाहिजे.

फोनमध्ये भाषांची यादी लांब होती. मराठी खाली सापडली. बोट लावलं, त्यानं दोनदा खात्री करून घेतली, पडदा काळा झाला आणि परत उजळला.

“गेला,” टिपणीस म्हणाले.

“नाही गेला. बघा, ‘संपर्क’ लिहिलंय. दाबा.”

त्यांनी दाबलं. बायकोचं नाव जिथल्या तिथं होतं. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

मग एकेक पट्टा फोनजवळ आणून जोडायचा होता. नुसतं जोडून भागत नव्हतं. मराठी नीट उतरली की नाही हे पाहायला प्रत्येक पट्ट्याचं प्रत्येक पान उघडावं लागत होतं. टिपणीस रोज फक्त पावलांचं पान उघडत, कारण अध्यक्ष तेवढंच विचारायचे. बाकीची पानं त्यांनीही कधी पाहिली नव्हती. एक ते चार झाले. पाचव्याचं ‘सूचना’ पान उघडलं तर तिथं लाल ठिपका आणि ‘११’.

टिपणिसांनी मोठ्यानं वाचलं, “हृदयाचे ठोके अनियमित असण्याची शक्यता. डॉक्टरांना भेटा.”

खालीही तेच, त्याच्या खालीही तेच. अकरा वेळा. पहिली सूचना सतरा दिवसांपूर्वीची होती.

टिपणिसांनी वही काढली. “पाच. चिमाजी भांगरे.” वही मिटून त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “हे मला आधीच बघायला हवं होतं.”

बाकीचे पंधरा पट्टे आम्ही घाईघाईनं पाहिले. कुणाच्याही पानावर लाल ठिपका नव्हता.

“आजच त्याला सांगतो,” टिपणीस म्हणाले.

“मी सांगतो साहेब. घरचं माणूस आहे. तुम्ही सांगितलंत तर ते भांडतील.”

“सांग. पण खांदा बंद, नाथा. सोमवारी मी अध्यक्षांना लिहून देणार. रखमाजीसारखं मला परत बघायचं नाही.”

मामांचं घर आमच्या घराला लागून. संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते अंगणात खुर्चीचं उसवलेलं वेत आवळत बसले होते. वैजंता उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. मी सरळ सांगून टाकलं. अशी गोष्ट फिरवून सांगितली की माणूस पळवाट शोधतो.

मामांचा हात थांबला.

“पाच नंबर? नीट बघितलंस?”

“साहेबांनी वाचलं. मीपण वाचलं. मराठीत होतं.”

“अकरा येळा?”

“अकरा.”

“अन् सहा?”

“सहाला काय धाड भरलीय? सहावर काही नाही.”

ते माझ्याकडं बघत राहिले. डोळ्यांत नव्हे, माझ्या मनगटाकडं. मग त्यांनी विचारलं, “तुला कंदी छातीत काय होतं का रं? पाखरू फडफडल्यावानी?”

“माझं काय विचारता मामा? तुमचं चाललंय.”

“इचारलं. दम लागतो?”

“पायऱ्या चढून कुणाला लागत नाही? तुम्हाला लागत नाही?”

“मला नाय लागत,” ते म्हणाले. ते फुशारकी मारताहेत असं मला तेव्हा वाटलं.

वैजंतानं सूप खाली ठेवलं. “बाबा, उद्यापासनं खांदा नाय. मी सांगते. रखमाजीकाकाची बाई अजून दारात बसून वाट बघती, तुम्ही रोज बघता.”

मामा भांडतील अशी मी तयारी करून आलो होतो. ते भांडले नाहीत. “उद्या वर्तकबाईंची डोली हाये,” ते म्हणाले. “तेवढी वर ठिवतो. मग डाक्टरकडं जाऊ. दोघंबी.”

“दोघं कशाला?”

“मी एकटा नाय जायचा. तू यायचंस,” एवढं बोलून ते परत वेत आवळायला लागले. वेत दोनदा हातातून सुटलं. सव्वीस वर्षांचा खांदा सुटतोय म्हणून हात थरथरतोय, असा मी हिशेब मांडला आणि मला त्यांची कीव आली.

रविवारी ओट्यावर गर्दी होती आणि टिपणिसांची सुट्टी, म्हणून मामांना अडवणारं कुणी नव्हतं. वर्तकबाई ठरल्या वेळेला हजर. तालुक्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, अंगानं भरभक्कम, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. यजमान गेल्यापासून वर्षातून एकदा, याच रविवारी, मामांच्याच डोलीतून वर जायच्या.

“चिमाजी, गेल्या वर्षापेक्षा सहा किलो वाढलेय हो. आधीच सांगते, मग शिव्या घालू नका.”

“देवीला भार नाय, तर आमाला कसला बाई?”

“देवी कुठं उचलतेय?”

बारकू हसला. मामा हसले नाहीत. ते मला ओट्याच्या टोकाला घेऊन गेले.

“तू ऱ्हा आज. हणमंता मोकळा हाये, त्याला मागं लावतो.”

“मी का राहू? राहायचं तर तुम्ही राहा. हणमंताला तुमच्या जागी लावू, बारकू पायरी बोलेल.”

“मी ऱ्हाणार नाय.”

“मग मीपण नाही. तुम्ही बांबूला असताना तुमच्या मागं मीच असणार. काही झालं तर धरणार कोण?”

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.  मग म्हणाले, “असं कर. आज म्होरं तू लाग. मी मागं लागतो.”

एखाद्या जावयाला असा मान सासऱ्यानं आपण होऊन द्यावा, हे आमच्याकडं ऐकिवात नव्हतं. पण मला राग आला. ज्याचं काळीज अकरा वेळा चुकलं तो माणूस चढाला मागं लागतो म्हणतोय, आणि तेही वर्तकबाईंच्या डोलीला!

“मामा, मागं वजन आहे. हा मान मला नको. तुम्ही पुढं हलकं राहा, मी मागं ओढतो.”

“ऐक रं बाबा.”

“तुम्ही ऐका. एवढी एकच खेप आहे तुमची.”

तिकडून वर्तकबाई ओरडल्या, “भांडण वर जाऊन करा! माझा चहासुद्धा झालेला नाही, उपास आहे!”

मामांनी आमच्या खांद्यांना घड्या बांधल्या. मग मनगटाला पट्टे. पट्टे आल्यापासून तेही त्यांच्याच हातानं बांधले जायचे. कुणी ठरवलं नव्हतं, रीतीतच ते बसून गेलं होतं. माझा पट्टा बांधताना त्यांना बंद लागेना. “बोटं गारठलीत,” ते म्हणाले. चैत्र महिना होता.

आम्ही डोली उचलली.

पहिल्या विसाव्यापर्यंत मामांचा आवाज नेहमीसारखा होता. “उंच. उंच. सपाट. वळण घेतो.” माझे डोळे त्यांच्या पाठीवर होते. पाय कुठं अडखळतो का, खांदा कुठं ढळतो का, हे मी बघत होतो. पाय एकदाही चुकला नाही. चुकत होतं दुसरंच. पुढच्यानं मागं वळून बघायचं नसतं. तोल जातो आणि चौघं पडतात. मामा मागं बघत होते. पहिल्या टप्प्यात एकदा, दुसऱ्यात दोनदा.

“चिमाजी, मी आहे अजून खुर्चीत,” वर्तकबाई म्हणाल्या. “पडले तर आवाज येईल.”

दुसऱ्या विसाव्यानंतर पायऱ्या उंच होतात. माझ्या छातीत ते पाखरू फडफडायला लागलं. खोटं कशाला सांगू, ते काही त्या दिवशी पहिल्यांदा आलं नव्हतं. दोन-तीन वर्षं येत होतं आणि वर पोचलं की जात होतं. ते मी ओझ्याच्या खात्यावर टाकलं होतं. त्या दिवशी ते जरा जोरात होतं. दोष मी वर्तकबाईंच्या सहा किलोंना दिला.

तिसरा विसावा सातशे तिसाव्या पायरीवर आहे, उंबराखाली. “टेकू,” मामा म्हणाले. आम्ही चौघांनी काठ्या लावल्या, बांबू त्यांच्यावर टेकवले आणि हात सैल सोडले. डोली अधांतरी. खाली दरी, वर दोनशे दहा पायऱ्या राहिलेल्या. 

माझा पट्टा थरथरला.

सवयीनं बोट बटणाकडं गेलं. तेवढ्यात डोळ्यांनी वाचून टाकलं. आदल्या दिवसापर्यंत ते वाचायची सोय नव्हती.

“ठोके अनियमित असण्याची शक्यता. डॉक्टरांना भेटा.”

पहिलं मनात आलं ते असं, की काल भाषा बदलताना काहीतरी घोटाळा झाला आणि मामांची सूचना माझ्या पट्ट्यावर आली. मी पट्टा सैल करून उलटा केला. पांढऱ्या रंगात आत पाच होता.

मान वर केली तर मामा पूर्ण मागं वळून उभे होते. ते माझा चेहरा बघत होते, आणि मला काय कळलं ते त्यांना कळलं होतं.

मी शांत होतो, हे मला आजही नीट आठवतं. गणित सरळ होतं. पाच जर माझ्या हातात, तर सहा मामांच्या हातात. आणि ही अदलाबदल आजची नाही, कारण अकरा सूचना आजच्या नाहीत. राहिल्या दोनशे दहा पायऱ्या. डोली इथं उतरली तर मामांचा खांदा गेला. वर पोचली तर राहिला, निदान लोकांत तरी. एवढ्या पायऱ्या मी तीन वर्षं ह्याच फडफडीत चढत आलो होतो. मी पट्टा आवळला, काठी काढायला हात घातला आणि मामांना मानेनं खूण केली. चला.

मामा म्हणाले, “उतरवा.”

बारकूला ऐकू आलं नाही असं वाटलं. “काय म्हणला?”

“उतरवा म्हणलं. डोली भुईला लावा.”

“मामा, डोकं फिरलं का? दोनशे तर ऱ्हायल्यात!”

“मी पायरी बोलतो का तू बोलतोस? उतरव.”

आम्ही डोली उतरवली. वेताचे पाय दगडाला लागले. वर्तकबाई काही न विचारता स्वतःच उठल्या आणि कठड्यावर जाऊन बसल्या. वरून एक रिकामी डोली खाली येत होती, तिच्या चौघांनी हे पाहिलं. दिवस मावळायच्या आत ते सगळ्या पायथ्याला कळणार, हे ठरलेलं होतं.

मी मनगट पुढं केलं. “हा पाच आहे.”

“व्हय.”

“कधीपासून?”

“चौथ्या दिवसापासनं. टिपणिसानी सांगितलं की म्हाताऱ्यांच्या पट्ट्यावर ध्यान ठिवणार. मी म्हणलं, माझं काळीज दगा देनार. तुझं वाघाचं. तुझे ठोके माझ्या नावावर चालू देत. बांधतो मीच. कुणाला काय कळतंय?” ते खाली बसले. “काल तू आलास तव्हाच बोलाया पायजे व्हतं. सकाळी तरी बोलाया पायजे व्हतं. जीभ उचलली नाय रं.”

किसन माझ्याजवळ आला आणि त्यानं मला बाटलीतलं पाणी दिलं. बारकू डोकं धरून बसला. जरा वेळानं त्याला राहवलं नाही.

“मामा, चोरी केलीत तीबी तोट्याची. वाघाचं म्हणून उचललंत आन् निघालं पाखराचं.”

वर्तकबाई म्हणाल्या, “आता याला खाली न्या. चालवत नेऊ नका. ह्याच खुर्चीत बसवा.”

“बाई, तुमची पूजा?”

“मी इथं बसते. देवी काही गाव सोडून जात नाही. ती डोली आली आहे ना, त्यांच्याबरोबर जाईन. वजन मात्र त्यांना आधी सांगू नका.”

तर मी डोलीवाला डोलीतून खाली आलो. मागची उजवी बाजू रिकाम्या हातानं खाली उतरणाऱ्या एका डोलीवाल्यानं सांभाळली. उतरताना वजन पुढं येतं, ते सगळं मामांच्या खांद्यावर होतं. सातशे तीस पायऱ्या ते बोलत गेले आणि मी त्यांच्या मानेवरच्या शिरा बघत बसलो. शरम इतकी वाटली की मी डोळे मिटून घेतले. डोळे मिटल्यावर कळलं की बसलेल्या माणसाला डोली हलल्यासारखी वाटतच नाही. सव्वीस वर्षं लोक त्यांनाच का मागायचे ते मला त्या दिवशी समजलं.

तालुक्याच्या डॉक्टर शेंडे मॅडमनी छातीला तारा लावून कागद काढला, मग बराच वेळ नळी लावून ऐकलं.

“लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता?”

मला आठवत नव्हतं. मामांना आठवत होतं. “नऊ वर्साचा व्हता. गुडघे येवढाले. उभं ऱ्हाता येत नव्हतं. आठ दिस पाठुंगळी घेऊन फिरलो मी.”

“त्या तापात हृदयाची एक झडप खराब झाली. ती आता अरुंद झालीये. एवढी वर्षं यांनी ओझं वाहिलं हेच नवल आहे.” मग माझ्याकडं वळून त्या म्हणाल्या, “घाबरायचं कारण नाही. ह्यावर इलाज आहे. पण असंच चालू ठेवलं असतं तर एक दिवस हृदयात रक्ताची गाठ धरून डोक्यात गेली असती.”

वैजंता दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं, बापाकडं पाहिलं आणि म्हणाली, “आता बाबांनाबी बघा मॅडम. आलेच आहेत तर.”

मामांचा कागद निघाला. मॅडमनी तो दोनदा पाहिला. “आजोबा, तुम्हाला काहीही झालेलं नाही. पन्नाशीच्या आतल्या माणसाला शोभेल असं हृदय आहे.”

मामा तो कागद हातात घेऊन बसले. वाचता येत नव्हताच, पण ते त्या रेघेकडं टक लावून बघत होते. मग ते रडले. वैजंता त्यांच्याशी त्या दिवशी आणि पुढं दोन महिने बोलली नाही.

सोमवारी सकाळी मी घरी झोपून होतो, म्हणून पुढचं बारकूकडून ऐकलं. मामा कार्यालयात गेले आणि टिपणिसांना पट्ट्यांचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सावरून घेतलं नाही. टिपणीस म्हणाले, लेखी माफी द्या, डॉक्टरांचा कागद द्या, मी अध्यक्षांशी बोलतो. मग मामा ओट्यावर आले. कुणी विचारायच्या आत त्यांनी बारकूच्या खांद्याला घडी बांधली आणि त्याला उजवीकडं पुढं उभं केलं. हणमंताला बारकूच्या जागी लावलं आणि स्वतः मागं गेले, माझ्या जागी.

“मामा, हे नगं,” बारकू म्हणाला. “समद्यांना ठावं हाये का उतरवली ते.”

“कशापायी उतरवली ते रीत इचारत नाय. चल, पायरी बोल.”

बारकूला पायरी बोलता येत नव्हती. पहिले काही दिवस तो “उंच” म्हणायला हमखास उशीर करायचा आणि मामा मागून शिव्या घालायचे. महिन्याभरात शिकला.

माझ्या झडपेचं काम शहरात झालं. मांडीतून नळी घालून ती रुंद केली. दीड महिन्यानं मी उठलो. खांदा कायमचा बंद, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं आणि मी ते मान्य केलं. टिपणिसांनी मला कार्यालयात घेतलं. डोल्यांची पाळी लावणं आणि पट्टे सांभाळणं ही दोन कामं माझ्याकडं आली. आता मी रोज संध्याकाळी सगळ्या पट्ट्यांचं प्रत्येक पान उघडतो. सकाळी पट्टा प्रत्येकाच्या मनगटाला मी स्वतः बांधतो आणि नंबर त्याला मोठ्यानं वाचायला लावतो. या सात वर्षांत दोघांना वेळेवर डॉक्टरकडं धाडलं. दोघंही आज हिंडतेफिरते आहेत.

मामा पुढं चार वर्षं मागच्या खांद्याला होते. बासष्टाव्या वर्षी आपण होऊन थांबले. तोपर्यंत कुणी त्यांना पुढं ये म्हणालंच नाही, असं नाही. दर दसऱ्याला बारकू म्हणायचा. ते हसून मागं जायचे.

त्या रविवारबद्दल आम्ही बोललो ते एकदाच, गेल्या उन्हाळ्यात. ओट्यावर बसलो होतो. डोली वर गेली होती आणि बारकूचा आवाज वळणाआडून अजून येत होता.

मामा म्हणाले, “एक इचारू? तिसऱ्या इसाव्याला तू पट्टा वाचलास. वाचून मान हालवलीस. ती कशापायी?”

“वर जायला.”

“कळूनबी?”

“दोनशे दहाच होत्या. तुमचा खांदा राहिला असता.”

त्यांनी मान डोलावली, जणू हे त्यांना ठाऊकच होतं, फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

“म्हणून तर मी उतरवली,” ते म्हणाले.